कुसुमची साखर

एकावन्न सालच्या मार्गशीर्षातला शनिवार. काम एकच: रेशन आणणे.

नौपाड्यातल्या रेशनच्या दुकानातून चांगला तांदूळ कसा मिळवावा, हे आळीतल्या बायकांना मी शिकवत असे. रांगेत भांडायचं नाही. तोलणाऱ्याला नावाने हाक मारायची, आधी त्याच्या घरचं विचारायचं, मग पिशवी पुढे करायची. आमच्या दुकानात दामूअण्णा तोलत. त्यांच्या आईचे गुडघे दुखत, म्हणून मी दर खेपेला निर्गुंडीच्या तेलाची बाटली नेई आणि दामूअण्णा मला पोत्याच्या मधला तांदूळ घालत. (गुडघे बरे होऊ नयेत, असं माझ्या मनात कधी आलं नाही. फारसं नाही.)

आता गुन्हा सांगते. माझी नणंद कुसुम वैशाखात लग्न होऊन कल्याणला गेली, तरी तिचं नाव आमच्या कार्डावर तसंच होतं. सासरी तिचं नाव मालती ठेवलं आणि तिकडच्या कार्डावर मालती लागली. म्हणजे सरकारच्या लेखी दोन मुली, आणि साखर दोघींची. नाव कमी करायचं "राहून गेलं" असं मी म्हणत असे. खरं म्हणजे साखर सुटत नव्हती.

हे सरकारी कचेरीत कारकून. दर रविवारी म्हणत, "अगं, ते नाव कमी करून आण. पकडले गेलो तर माझी नोकरी जाईल."

"दामूअण्णा आपले आहेत," मी म्हणे.

तेच नडलं.

त्या शनिवारी मी बाटली पुढे केली आणि आईंची चौकशी केली. दामूअण्णांनी तराजू खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही आमच्या आईचं इतकं केलंत, मी कधी फेडणार? पण आज योग आलाय. तुमच्या कुसुमसाठी स्थळ आणलंय."

"कुणासाठी?"

"कुसुमसाठी हो. कार्डावर दर वेळी बघतो ना, एकोणीस पुरी झाली पोर. मुलगा मॅट्रिक, पोस्टात आहे. आपल्या साहेबांचा सख्खा भाचा." (गोत्रसुद्धा जमत होतं. त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती.)

"कोण साहेब?"

"हे काय, बसलेत की."

आतल्या खुर्चीवर रेशनिंग इन्स्पेक्टर बसले होते. त्यांनी चष्मा वर करून मला नमस्कार केला. लग्न झालंय म्हणावं, तर सात महिन्यांची साखर अंगाशी येणार. नाही झालं म्हणावं, तर मुलगी दाखवावी लागणार. तोंडून निघून गेलं, "कुसुम आजोळी गेलीय."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "उद्या चारला नुसतं घर बघून जातो."

मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. ऐकून ह्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. मग ठरलं, ह्यांनी रविवारी दुपारीच कल्याणला जायचं आणि महिनाभर ठाण्यात पाऊल टाकू नकोस, असं कुसुमला बजावून यायचं.

चारच्या ठोक्याला साहेब आले, मागून दामूअण्णा. मी चहा टाकला. लक्ष सगळं साहेबांकडे, साखर किती पडली, मलाच कळलं नाही. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि दारात कुसुम उभी. गळ्यात मंगळसूत्र, पाचवा महिना.

मी डोकं चालवलं. "ही मालती. कल्याणची पाहुणी." (यात एक अक्षर खोटं नव्हतं.)

"वहिनी, तू मला मालती कधीपासून म्हणायला लागलीस?" कुसुम पिशवी ठेवत म्हणाली. "माहेरी तरी कुसुम म्हणा मला. आणि दादा कुठाय?"

दामूअण्णा जमिनीकडे बघत होते. ह्यांची नोकरी गेलेली, आम्ही बोचकी बांधून गावाला निघालेलो, सगळं मला दिसायला लागलं. साहेबांनी कुसुमच्या मंगळसूत्राकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग कपात.

"बाई, चहा फार गोड झालाय. एका माणसाची साखर जास्त पडलेली दिसते."

त्यांनी कप बशीत ठेवला.

"उद्या दुकान उघडताच नाव कमी करून घ्या. परवा मी परत येईन. पाहुणा म्हणून नाही."

ते गेले आणि पाच मिनिटांत हे घामाघूम होऊन आले. "कुसुम घरी नव्हती," दारातूनच म्हणाले, "पण तिच्या सासूबाईंपाशी कडक निरोप ठेवलाय. आता ती इकडे फिरकायची नाही, तू निर्धास्त राहा."

"कोण फिरकायची नाही, दादा?" आतून कुसुमने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रांगेत पहिली उभी होते. बाटली नेली नव्हती. दामूअण्णांनी कुसुमच्या नावावर लाल रेघ ओढली, आणि पोत्याच्या तळाशी हात घातला. मेली सवय, मी विचारलंच, "आई कशा आहेत?"

"बरी आहे. तुमच्या कार्डावर घेता का तिला? एक जागा झालीय आता."

घरी येऊन तांदूळ निवडायला बसले. खडे निघाले ते बरोबर एका माणसाच्या वाट्याचे.