कोळी-खेकड्याची शेवटची कात

आमच्या भागात खेकडा म्हणजे एकतर ओढ्याच्या बिळातला, नाहीतर ताटातला. मी इस्लामपूरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझ्यापुरता एक तिसरा खेकडा होता. तो कपाटातल्या बरणीत राहायचा. फॉर्मलिनमध्ये पिवळा पडलेला, काड्यांसारखे पाय पोटाशी घेतलेला समुद्री कोळी-खेकडा. दरवर्षी ती बरणी वर्गात फिरवायची, कुणीतरी रश्श्याबद्दल विचारायचं आणि सगळ्यांनी हसायचं, हे बावीस वर्षं चाललं.

खरं तर हे कूळ हसण्यासारखं नाही. जपानच्या खोल समुद्रातल्या एकाचे पाय पसरले तर आमच्या सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीला टेकतील. दुसरा एक समुद्रफुलाच्या विषारी बोटांखाली निवांत राहतो. थंड पाण्यातले काही तर कात टाकायच्या दिवसांत हजारोंनी एकमेकांवर चढून ढीग करतात, कारण नवं अंग मऊ असतं आणि मऊ असताना एकट्यानं राहणं धोक्याचं. पण मला अस्वस्थ करायचे ते सजणारे. त्यांच्या पाठीवर बारीक आकडे असतात, धोतराला चिकटणाऱ्या आघाड्यासारखे. शेवाळ, स्पंज, जे हाताला लागेल ते तोडायचं, तोंडात धरून त्याची कड चावायची आणि अंगावर अडकवायची. हळूहळू खेकडा दिसेनासा होतो आणि समुद्राचाच एखादा तुकडा चालतोय असं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन आंबा घाट उतरलो होतो. किनाऱ्यावर बायका जाळ्यातला कचरा निवडून बाजूला टाकत होत्या. त्या ढिगातला लिंबाएवढा एक शेवाळलेला दगड सावकाश माझ्या चपलेवर चढला. मी किंचाळलो नाही एवढंच. मुलांसमोर लाज राखायची म्हणून त्याला डब्यात घातलं आणि सात कॅन समुद्राचं पाणी भरून घेतलं. रविवारी-सुट्टीला प्रयोगशाळेची वीज बंद असते, म्हणून काचेची टाकी घरी मागच्या खोलीत आली.

घरी आबा, म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि शेतीही त्यांनी फौजेसारखीच केली. पाण्याची पाळी चुकवणं म्हणजे ड्युटी चुकवणं. ओढ्याकाठच्या एकरातल्या उसाला त्यांनी कधी तहान लागू दिली नाही. गरज असो नसो, पाळी आली की पाट सोडायचे. एका उन्हाळ्यात त्या एकरात मीठ फुटलं. आज तिथं कुसळ उगवत नाही. भर दुपारीही ते रान चांदणं पडल्यासारखं पांढरं दिसतं. त्यावरून चाललं की पायाखाली पापडी मोडते, आणि मागं वळून पाहिलं तर एवढ्या मोठ्या रानात फक्त आपलीच पावलं उमटलेली असतात. पाखरूसुद्धा बसत नाही. आबांनी चर काढले, ताग पेरला, गवत लावलं, काहीच जगलं नाही. तरी रोज सकाळी ते त्या बांधावर जाऊन उभे राहत. डोळे मिटायच्या आधी त्या एकरावर एक तरी जीव जगलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. आपणच पाजून पाजून जमीन मारली हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि त्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत.

मी दिवसभर कॉलेजात, त्यामुळे खेकडा आबांच्या ताब्यात गेला. पाण्याचा खारटपणा बघायची काचेची नळी मी त्यांना दाखवली. पाण्यात सोडायची, लाल रेषेपर्यंत तरंगली की ठीक. आबांनी ती नळी धोतराच्या सोग्यानं पुसून देवळीत ठेवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायला लागले.

पहिल्या दहा दिवसांत अंगावरचं शेवाळ सडून गेलं आणि खेकडा उघडा पडला. उघडं राहणं त्याला सोसत नसावं. त्यानं आधी गाळणीचा कापूस ओढून पाठीवर लावला. मग आबांनी टाकलेलं उसाचं पाचट. एकदा सकाळी टाकीत खेकडाच दिसेना. चार फुटांच्या मोकळ्या टाकीत आम्ही दोघं काचेला नाक लावून शोधत होतो आणि तो आमच्या नाकासमोर होता. दिसला तेव्हा त्याच्या अंगावर पांढरे लांब केस होते आणि हवेच्या बुडबुड्यांनी ते हलत होते.

केस आईचे होते. आमची आई विंचरल्यावर निघालेले केस गुंडाळते, त्यावर थुंकते आणि मगच टाकते. ते कुणाच्या हाती लागले तर करणी होते असं तिच्या माहेरचं शास्त्र. ती केर काढायला खोलीत आली, टाकीकडे बघत उभी राहिली आणि केरसुणी तिथंच टाकून बाहेर गेली. ते केस काढून आणा, एवढंच तिनं बाहेरून सांगितलं. मी चिमट्यानं एकेक केस काढला. प्रत्येक केस ओढताना खेकडा उलटा जोर लावत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन केस होते. वाऱ्यानं आले असतील, असं मी आईला सांगितलं. खिडकी बंद होती हे तिलाही दिसत होतं. त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही.

कधीतरी आबांनी विचारलं होतं, आपल्या रानातलं पाणी ह्याला चालेल का, मीठ ते मीठ. मी पेपर तपासत होतो. नळी रेषेवर तरंगली की झालं, आबा, मग समुद्राचं आणा नाहीतर रानातलं, असं मी चेष्टेत म्हणालो. खरं उत्तर वेगळं होतं. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, कात टाकणाऱ्या जिवाला लागणारे दुसरेही क्षार ठरावीक मापात असतात आणि आमच्या रानातलं माप निराळं. नळीला हा फरक कळत नाही. वर्गात हे मी फळ्यावर लिहून शिकवतो, पण त्या दिवशी मान वर करायचा कंटाळा आला.

दीडेक महिन्यानं एका दुपारी आबांचा फोन आला. त्यो गेला, म्हणाले. मी घरी पोचलो तर खेकडा कोपऱ्यात पाय रोवून उभा होता. डोळे, मिशा, पाठीवरचं पाचट, केस, सगळं जागच्या जागी आणि काही हलत नव्हतं. आबा खुर्चीत ताठ बसले होते. मी काठीनं हलकेच ढोसलं, तेव्हा तो उचलला गेला. तो आतून रिकामा होता. डोळ्यांवरचा पडदासुद्धा त्यानं मागं ठेवला होता.

खरा खेकडा मागच्या दगडाआड होता, ओलसर, फिकट, थोडा मोठा. तो थरथरत पुढं आला आणि स्वतःच्याच कलेवरासमोर उभा राहिला. मग चिमटा उचलून त्यानं त्याच्या पाठीवरचं पाचट सोडवलं, चावलं आणि आपल्या पाठीवर लावलं. नंतर कापूस, नंतर केस. संध्याकाळपर्यंत त्यानं जुन्या अंगाला पार नागवं केलं. सजणारे खेकडे हे करतात हे मला माहीत होतं, शिकवलेलं होतं. तरी पाहताना माझ्या हातावर काटा उभा राहिला. आबा मात्र लहान मुलासारखे हसत होते. आणि हसता हसता त्यांनी सांगून टाकलं. पंधरा दिवस टाकीत रानातलं पाणी होतं. शेतावरची पांढरी पापडी खरवडून, चराच्या पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, नळी रेषेवर येईपर्यंत. समुद्राचे तीन कॅन पडवीत तसेच भरलेले होते.

"माझ्या एकरावर जगला का न्हाई?" ते म्हणाले.

मी पाणी त्याच वेळी बदलायला हवं होतं. कॅन दहा पावलांवर होते. पण आबांचा तसा चेहरा मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता. मी फक्त बरं म्हणालो.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती. कात टाकल्यावर खेकड्याच्या पोटाखालची पट्टी रुंद, ताटलीसारखी झाली होती. म्हणजे ती मादी होती आणि आता वयात आली होती. या कुळात वयात आल्यावर कात नाही, ही शेवटचीच. हेही मी बोललो नाही.

बारा दिवसांनी ती त्याच कोपऱ्यात पाय रोवून उभी राहिली. आबा म्हणाले, परत कपडे बदलतोय. त्यांनी खुर्ची काचेसमोर ओढली आणि बसले. मी कॉलेजला जाताना ते तिथं असायचे आणि आल्यावरही तिथंच. समोर कोळंबीचे तुकडे टाकत होते, ते तसेच पडून राहत होते. पाठीवरचे केस बुडबुड्यांनी हलायचे, त्यामुळे लांबून बघताना ती जिवंत आहे असंच वाटायचं. दगडाआडून दुसरा कुणी यायचा नाही हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी खोलीत वास सुटला. आईनं दारातूनच माझ्याकडे पाहिलं.

मी आबांजवळ खाली बसलो. "आबा, आता दुसरा निघायचा न्हाई."

"ठावं हाय," ते म्हणाले. "परवाच कळलं मला."

"मग बसून कशाला राहिलाय?"

"तू कवा सांगतोस ते बघत हुतो." त्यांनी काचेवरून नजर हलवली नाही. "पान्यानंच गेला न्हवं? आन् तुला पहिल्या दिसापास्नं ठावं हुतं."

मी हो म्हणालो.

"रान गेलं तवाबी असंच. समद्यास्नी दिसत हुतं. मला कुनी बोललं न्हाई. तूबी शिकत हुतास की रं तवा."

मी शिकत होतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुळांशी मीठ साठलं की पानांच्या कडा आधी करपतात हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी त्या बांधावर उभा राहून करपलेल्या कडा पाहिल्या होत्या, आणि आबांनी हाक मारली तेव्हा खोरं घेऊन उसात पाट फोडला होता.