सुट्टीतल्या डबल ड्युट्या

जानेवारीत मुलाची सेमिस्टर संपली आणि तो पंधरा दिवसांसाठी पेणला घरी आला. तो पुण्यात शिकतो, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. वीसेक वर्षं कंपनीच्या बसने नागोठण्यावरून जातो-येतो.

पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. मग स्वयंपाकघरात ओट्यावर बसून आईशी गप्पा सुरू झाल्या. मेसच्या आचाऱ्याची नक्कल, रूममेटच्या घोरण्याची नक्कल. ती भाकऱ्या थापता थापता इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. त्याने करपलेलीच वाढून घेतली, वालाच्या बिरड्याबरोबर.

"आमच्या मेसमध्ये हिला फर्स्ट क्लास मिळाला असता," तो म्हणाला.

हे मी आतल्या खोलीत पडून ऐकत होतो. उठून बाहेर आलो तर दोघांचे आवाज एकदम खाली गेले. "झोपमोड झाली का?" बायकोने विचारलं. मुलगा ओट्यावरून उतरला आणि चवड्यांवर चालत पडवीत गेला.

ही आमच्या घरची सवय. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून मुलगा लहानपणापासून कुजबुजत खेळला. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. त्याचे मित्र आमच्याकडे यायचे नाहीत. त्या संध्याकाळी मी झोपलेलो नव्हतो. तसं सांगता आलं असतं. मी पाणी प्यालो आणि परत आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडे डबल मागितली. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही की आधीच्याला थांबून डबल करावी लागते. लोक ती टाळतात. मी आठवडाभरात चार मागून घेतल्या. घरी सांगितलं, माणसं कमी आहेत, कंपनी सोडत नाही. मनाशी म्हणायचो, मी नसलो की ती दोघं मोकळेपणी हसतील. ते खरंही होतं. पण त्याच्यासमोर बसून काय बोलायचं ते मला कळत नव्हतं आणि प्लँटमध्ये मीटर बघताना काही बोलावं लागत नाही, हे जास्त खरं होतं. वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं.

"बाबा, सुट्टीच्या दिवशी तरी पोपटी करू," तो म्हणाला. "तुमच्या हातची."

त्याला नाही म्हणता येईना. माझा कंपनीतला जोडीदार रोह्याहून वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घेऊन आला. उन्हं उतरल्यावर घरामागे पोपटीचं मडकं भरलं. खाली पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा पेटवला. मुलगा विस्तवाजवळ उकिडवा बसला.

"काका, तुमच्या साहेबांना सांगा ना, बाबांना दोन दिवस सोडा. माझी सुट्टी संपत आली."

"सायब कुठं धरून ठेवतो?" जोडीदार हसत म्हणाला. "तुझा बापूस मागून डबल घेतो. मी पन बोललो, पोरगा आलाय, घरी जा. ऐकत नाय. इंजिनियर पोराला घाबरला वाटतं."

"मागून?" मुलाने विचारलं.

"व्हय," जोडीदार म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उगाच काटक्या मोडत बसला.

थोड्या वेळाने मुलाने मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्रकन उडून गेले, म्हणजे पोपटी झाली होती. त्याने मडकं उघडून पहिल्या शेंगा माझ्या ताटलीत घातल्या. "गरम आहेत," म्हणाला. मी त्या खाल्ल्या. चव आठवत नाही.

दोन दिवसांनी त्याला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. याआधी कधी गेलो नव्हतो. पुण्याची गाडी लागली तेव्हा त्याने बॅग खांद्याला अडकवली.

"मेमध्ये पुन्हा येईन. तेव्हा असाल का घरी?"

शिफ्टचा तक्ता मला पाठ आहे. रजाही भरपूर साठली आहे. 'असेन' एवढंच म्हणायचं होतं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो गाडीत चढला.