वसुधाताईंची आडवी गाडी

वसुधाताई नवी कवळी घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या, की ती पेशंटच्या तोंडात बसवून पहिली आज्ञा करायच्या, "आता एक शिवी द्या." समोर सत्तरीचे आजोबा असोत की निवृत्त मुख्याध्यापिका, सुटका नसे. "देवाचं नाव घ्यायला सांगितलं की माणूस तोंड सांभाळून बोलतो," त्या मला समजावत. "मनापासून शिवी हासडली की कळतं, कवळी हलते का ते." मी मुलुंडला दातांचा दवाखाना नुकताच उघडला होता आणि ताई जवळच्याच एका गाळ्यात कवळ्या बनवायच्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज खणखणीत. महिन्याभरात त्या 'डॉक्टर, तुम्ही'वरून 'अगं डॉक्टर'वर आल्या.

एकदा मी स्वतःच एका पेशंटच्या दातांचं माप द्यायला त्यांच्या गाळ्यावर गेले. टेबलावर प्लास्टरचे जबडे वाळत होते आणि खाली फरशीवर हातभर लांबीची एक लाल गाडी चक्क आडवी घसरत टेबलाच्या पायाला वळसा घालत होती. शेपूट बाहेर फेकलेलं, पुढची चाकं भलतीकडेच वळलेली. रिमोट ताईंच्या हातात.

"याला ड्रिफ्ट म्हणतात," मान वर न करता त्या म्हणाल्या. "सरळ काय, कोणीही चालवेल."

त्या गाडीचे टायर रबराचे नव्हते, गुळगुळीत कडक प्लास्टिकचे होते. मुद्दाम घसरण्यासाठी केलेले. घसरणं थांबवायचं नाही, ते आपल्या मर्जीनं करून घ्यायचं, हा सगळा खेळ. मग रविवारी मीही तिथे रमू लागले. गाडी वळणावर गर्रकन उलटी फिरली की मी उतावीळपणे सुचवायची, स्प्रिंग बदला, बॅटरी मागे घ्या, चाकांचा कोन कमी करा. ताई हातातला स्क्रू ड्रायव्हर माझ्यावर रोखायच्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर आभार कोणाचे मानशील?"

चौथ्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालणंही सुधारलं, पण उजवा हात लोंबता राहिला. त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश बोरीवलीहून येऊन सगळं बघत होता. भला माणूस. त्यानं गाळा विकायचं ठरवलं आणि ताईंच्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून गाडी पुसून काचेच्या कपाटात ठेवली. ताई घरी आल्या, कपाटाकडे पाहिलं आणि जड झालेल्या जिभेनं म्हणाल्या, "पक्या, मी मेले काय रे? काढ ती बाहेर."

जुन्या रिमोटला दोन हात लागत. ताईंनी दोन दांड्यांचा रिमोट मागवला आणि त्याच्या आतल्या जोडण्या अशा फिरवून घेतल्या, की वेग आणि वळण दोन्ही डाव्या दांडीवर यावं. एका अंगठ्यावर अख्खी गाडी. प्रश्न असा, की ती बसवली होती उजव्या हाताच्या चपळाईला. डावा अंगठा पोचेपर्यंत ती तीन गिरक्या घेऊन भिंतीवर आदळायची. गाडीत जायरो नावाची काड्यापेटीपेक्षा लहान डबी असते. मागचा भाग निसटू लागला की ती आपणहून पुढची चाकं वळवून सावरते. ताई ज्यात जायच्या त्या ड्रिफ्ट क्लबातल्या मंडळींनी सल्ला दिला, जायरो पूर्ण वाढवा, तुम्हाला फार काही करावं लागणार नाही.

"मग मी कशाला? त्या डबीलाच पाठवा स्पर्धेला," ताई म्हणाल्या. जायरो निम्म्यावरच राहिला.

त्यांनी गाडी डाव्या अंगठ्यासाठी नव्यानं बसवायला घेतली. आधी बॅटरी मागे सरकवली, म्हणजे मागच्या चाकांवर वजन येऊन ती जरा उशिरा निसटतील. आठवडाभर तेवढंच. मग मागच्या मऊ स्प्रिंगा. मग वेग उसळी न घेता हळूहळू चढेल अशी सोय. स्क्रू मी पिळायचे, कारण एका हातानं ते जमत नव्हतं, आणि त्याचा राग त्या माझ्यावर काढायच्या. "अगं, अर्धा आटा म्हटलं ना! दात उपटतेस काय?" एकदा त्यांनी रिमोट गादीवर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी चहा ठेवायला उठले. परत आले तर गाडी चालू होती.

झटक्यानंतर पाचव्या महिन्यात घाटकोपरच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. आयोजक अदबीनं म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी वेगळी फेरी ठेवतो. नुसतं प्रात्यक्षिक. लोकांना प्रेरणा मिळेल."

"मी इथे नाचायला आलेली नाही. जोड्यांच्या चिठ्ठ्यांत माझंही नाव टाका."

दोन गाड्या एकामागोमाग सोडतात. पुढची आडवी घसरत जाते, मागच्या गाडीनं तिच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहायचं. मग जागा बदलायच्या. पहिल्या फेरीत ताईंची लाल गाडी पुढच्या गाडीला सावलीसारखी चिकटली आणि त्या जिंकल्या. दुसऱ्या फेरीत समोर निहार होता, तिशीतला इंजिनिअर, क्लबातला सगळ्यात तरबेज. शेवटच्या वळणावर ताईंची गाडी त्याच्या गाडीला धडकली. परीक्षकांनी तोंड उघडायच्या आत ताई ओरडल्या, "चूक माझी!"

बक्षिसांच्या वेळी त्यांचं नाव पुकारलं. विशेष जिद्द पुरस्कार. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताईंनी ढाल हातात घेतली, न्याहाळली आणि टेबलावर परत ठेवली. "पहिली फेरी जिंकले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. या लोंबत्या हाताला कसली ढाल देता? हरले ते हरले. पुढच्या वेळी बघते." टाळ्या थांबल्या. आयोजकांचा चेहरा पडला. मलाही क्षणभर वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा निहार आपली गाडी घेऊन आला. "मावशी, तुमची गाडी वळणातून बाहेर पडताना डुलत नाही. माझी डुलते. बघाल का?" ताईंनी गाडी उलटी केली, मागचं चाक बोटानं हलवून पाहिलं. "उद्या आण. आणि येताना काही बदलू नकोस." त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू मी तेव्हा पाहिलं.

पुढची दोन वर्षं त्या प्रत्येक स्पर्धेत उतरल्या. एकदा दुसऱ्या आल्या, पहिल्या कधीच नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या झटक्यात गेल्या. दहाव्याला नातेवाईक जमले होते. एक काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारी! एका हातानं कसाबसा जीव रमवत होती."

मी एरवी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "काकू, कसाबसा नाही. त्यांची गाडी भिंतीपासून दोन बोटांवरून आडवी जायची आणि भिंतीला लागायची नाही. या मुंबईत ते जमणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत."

प्रकाशनं मान हलवली. "चार," तो म्हणाला. "आता तीन."