मोशीच्या मावशींचा मुरगाळलेला पाय

पुणे-मुंबई रस्त्यावर, चिंचवडजवळ आमचं छोटं इस्पितळ होतं. तेव्हा त्याच्या तिन्ही बाजूंना ज्वारी डोलायची. नवे कारखाने उभे राहत होते, म्हणून अपघातासाठी एक खोली मुद्दाम राखली होती. मी तिथे नर्स होते, बावीस वर्षांची. यंत्रात बोट सापडलेला कामगार एखादाच. रोज यायची ती खेड्यांतली माणसं, खोकला नाहीतर खरूज घेऊन. गावातला डॉक्टर सोडून ही इथे का येतात, म्हणून आमचे डॉक्टर करवादायचे. मलाही ते कळत नव्हतं.

एका गुरुवारी मोशीहून भाजीच्या बैलगाडीतून एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांच्याबरोबर कोथिंबिरीचा वास आला. आयोडिनच्या वासात मिसळलेला तो वास मला अजून आठवतो.

"पाय मुरगाळलाय, बाई."

सूज नव्हती. मी पट्टी बांधली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी डावा पाय पुढे केला.

"मावशी, मागच्या वेळी उजवा होता."

त्या ओशाळल्या. खोलीत दुसरं कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाल्या, "पायाला काय न्हाई झालं. मला दिवस गेल्यात. चवथा लागलाय. अन् घरात सुनंला सहावा हाय."

मला हसू फुटत होतं, पण त्यांचे भरलेले डोळे पाहून ते जिरलं.

"तुमच्या गावात डॉक्टर आहेत ना?"

"हायती की. पर आमच्या वट्यावर बसून मालकांसंगं च्या पित्यात. मला वहिनी म्हणत्यात. त्यांच्याम्होरं ह्ये कसं बोलू? तुमी मला वळखत न्हाई, म्हनून आले."

डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं. पण बाळंतपण गावातच व्हायचं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं, असं मी समजावलं.

"मग तुमीच लिवून द्या."

मी चार ओळी लिहून दिल्या.

चार दिवसांनी गावचे डॉक्टर स्वतः सायकलवरून आले. बाकावर टेकले, म्हणाले, "वीस वर्षं त्या घरातला प्रत्येक ताप मी पाहिलाय. आणि एवढं सांगायला त्या माउलीला भाजीच्या गाडीतून इथवर यावं लागलं." आवाजात राग नव्हता, मनाला लागलं होतं. चहा घेऊन उठताना म्हणाले, "तिच्या मालकांशी मी बोलतो. सुनेला मात्र तिनंच सांगू दे."

पुढच्या गुरुवारी मावशी आल्या त्या नुसत्या गप्पांना.

"सून काय म्हणाली?" मी अधीर होऊन विचारलं.

"आदी बगतच ऱ्हायली. मग म्हनाली, आत्याबाई, उद्यापासनं पान्याला मी जाते. अन् तिलाच सहावा!"

सुनेला मुलगा झाला, दोन महिन्यांनी मावशींना मुलगी. बारशाला मी मोशीला गेले. मावशींना दूध कमी होतं, म्हणून सूनच आपल्या तान्ह्या नणंदेला पाजत बसली होती. माझ्याकडे बघून हसली. "बगा की बाई, नणंदेचा मान आत्तापासनंच वसूल करतीया."

तिचा मुलगा तोवर माझ्या मांडीवर झोपला होता, आत्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा भाचा.