लाडकीबाईची वाडी

भाताची लावणी उरकली, कापणी झाली, थंडी पडली किंवा आंबे पाडाला लागले, की लाडकीबाई डॉक्टरांच्या टेबलापुढे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आज दुपारी मी नाय. वाडीत जातंय." ती रजा मागत नसे, सांगत असे. डॉक्टर नुसते मान हलवत. बादली-फडकं जागेवर ठेवून, डब्यातली पानात बांधलेली पुडी घेऊन ती निघायची.

२०१४ साली बदली होऊन मी साताऱ्याकडून डहाणूच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या दवाखान्यात नर्स म्हणून आले, तेव्हा लाडकीबाई तिथे साफसफाईला होती. पन्नाशीची, हडकुळी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. पहिल्याच दिवशी तिने मला 'तू' म्हटलं. ती डॉक्टरांनाही 'तू'च म्हणायची. मी तिला 'तुम्ही' म्हणाले तर मागे वळून बघू लागली, आणखी कोण आलंय म्हणून. "मी एकटीच हाय, बाय," ती म्हणाली. तेव्हापासून आमचं तू-तू जमलं.

ती वाडीत कशाला जाते हे कोणी सांगेना. त्या हिवाळ्यात मीच म्हटलं, "मी येऊ का गं?" तिने माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "चल. पण शेठाणीला विचारून जायचं."

नरपडहून बोर्डीकडे जाताना रस्त्याला लागूनच ती वाडी होती. शेठाणीच्या आजेसासऱ्यांनी लावलेली. चिकूची झाडं इतकी जुनी, की त्यांच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर उठलेल्या. मधे दगडी विहीर, तिच्याभोवती लिची, जाम, नारळ. रविवारी मुंबईची माणसं गाडी घेऊन ही बाग बघायला येत, फोटो काढत. फाटक उघडंच असे. तरी लाडकीबाई बाहेर थांबली आणि तिने हाक मारली, "शेठाणी, येऊ का?"

व्हरांड्यातून म्हातारा आवाज आला, "आव, आव. विचारते काय दर वखते?"

"दुसऱ्याच्या वाडीत विचारून जावं," लाडकीबाई मला म्हणाली. हे ती कशाहीबद्दल म्हणायची. बाळंतिणीच्या खोलीत शिरतानासुद्धा दाराशी थांबून विचारायची.

विहिरीच्या पलीकडे एक मोठा आंबा होता. त्याच्या बुंध्याशी तिने पुडी सोडली. आत भात होता आणि सुक्या बोंबलाचा तुकडा. तो तिथे ठेवला, आजूबाजूची पानं हाताने बाजूला केली आणि बसली. मीही बसले.

"पोऱ्या हाय माझा हितं," ती म्हणाली. "रघ्या. चालायला लागला होता."

मग तिने थोडं थोडं सांगितलं. तेव्हा ती आणि नवरा याच वाडीत खोपटं बांधून राहत, चिकू काढायला. पोराला ताप भरला. पावसात रस्ता बंद होता, सकाळपर्यंत पोर गेलं. शेठाणीनेच सांगितलं, लांब कुठे नेऊ नका, या आंब्याखाली निजवा, इथे सावली असते. पुढे नवरा गुजरातेत ओख्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परतलाच नाही. दुसरं मूल झालं नाही.

"रडत नाहीस इथे?" मी विचारलं.

"रडून काय? त्याला जेवाया घालायचं नि जायचं."

त्यानंतर मी बऱ्याचदा तिच्याबरोबर गेले. पावसाळ्यात ती कोळी नावाची रानभाजी शिजवून न्यायची. रघ्याला ठेवल्याशिवाय ती भाजी स्वतः तोंडात घालत नसे. कापणीनंतर नव्या तांदळाची भाकर. थंडीत झाडं चिकूंनी वाकलेली असत. उन्हाळ्यात त्याच आंब्याचे आंबे खाली पडत, पण लाडकीबाईने त्यातला एकही कधी उचलला नाही. मी एकदा उचलला, तर तिने तो हळूच माझ्या हातातून घेऊन परत ठेवला.

२०१६ च्या पावसाळ्यात शेठाणी गेल्या. त्यांची मुलं मुंबईला. वर्षभरात वाडी विकली गेली. फाटकाला नवा पत्रा लागला, वॉचमन आला. कापणी झाल्यावर लाडकीबाई पुडी घेऊन गेली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. वॉचमन म्हणाला, साहेबांना विचार. साहेब कधी दिसतच नसत.

मग मी आणि डॉक्टर गेलो. मॅनेजर तरुण होता, नीट बोलला. त्याने आम्हाला चहासुद्धा दिला. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, इथे रिसॉर्ट होतंय. लोक फॅमिली घेऊन येणार. इथे असं काही पुरलंय हे कळलं तर कोण येईल? प्लीज, हे बाहेर बोलू नका."

"निदान तेवढं एक झाड ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"प्लॅन पास झालाय, सर."

झाडं तोडली त्या आठवड्यात करवतीचा आवाज दवाखान्यापर्यंत येत होता. लाडकीबाई फरशी पुसत होती. एकच खोली ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मी तिच्या हातातून फडकं घेतलं, तेव्हा म्हणाली, "मला कोणी विचारला नाय, बाय. मी इतकी वर्षं विचारून गेले."

रिसॉर्ट सुरू झालं तसं तिने दवाखान्यातलं काम सोडलं. तिथे झाडूवाली म्हणून लागली. पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, वेडी झाली. ज्यांनी पोराची जागा खोदली त्यांच्याकडे राबते. मीही चिडून तिला अडवलं.

"फाटकातून आत जाया भेटतं," ती म्हणाली. "आणिक काय करू मी? सांग तू."



२०१८ च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीत धरणीकंप सुरू झाले. दिवसाकाठी दोन-तीनदा घर हलायचं, भांडी वाजायची. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. दवाखान्याच्या भिंतीला चीर पडली. माझी बदलीची ऑर्डर त्याच हिवाळ्यात आली. निघण्यापूर्वी मी लाडकीबाईला भेटायला रिसॉर्टवर गेले. गिऱ्हाईक एकही नव्हतं. चिकूची थोडी झाडं शोभेला ठेवली होती, त्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. जुन्या विहिरीला रंग देऊन कुंपण घातलं होतं. पलीकडे, आंब्याच्या जागी, पोहण्याचा तलाव होता. धक्क्यांनी त्याला तडा गेला म्हणून पाणी काढून टाकलेलं.

लाडकीबाई त्या कोरड्या तलावाच्या तळाशी होती. शिडीवरून उतरून ब्रशने निळी फरशी घासत होती. मी काठावरून हाक मारली.

"धक्के बसतात गं, वर ये. भिंत अंगावर येईल."

"येऊ दे."

ती उठली, विहिरीकडे बोट केलं, तिथून नजरेने माप घेत दोन-चार पावलं चालली आणि थांबली. "विहीर तिथं, म्हणजे आंबा हितं होता. पाणी असतं तेव्हा पोरं वरून उड्या मारतात. मी काठावरून बघते. जवळ जाया नाय भेटत." मग म्हणाली, "सगळे घाबरलेत, बाय. मी देवाला बोलले, आणखी एक धक्का दे."

"पाणी कधी भरणार?"

"मिस्त्री आलाय. परवा."

तेवढ्यात मॅनेजरने लांबून आवाज दिला, तळ लवकर उरक म्हणून. लाडकीबाईने बाकीचा तळ भराभर घासून काढला. आंब्याच्या तेवढ्या जागेला मात्र तिने ब्रश लावला नाही. गुडघे टेकून, पदराचं टोक ओलं करून ती फरशी हाताने पुसत राहिली. मी निघते म्हणाले. तिने मान वर केली नाही.