खुर्च्यांवरचे रुमाल

परवा उदगीरला जाऊन आले. तिथल्या एका छोट्या वाचनालयात माझा कार्यक्रम होता. मी रहस्यकथा लिहिते... म्हणजे लिहायचे. हा शेवटचा कार्यक्रम, असं मनाशी ठरवूनच निघाले होते.

कारण काही फार मोठं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागल्यापासून दिवस हंडे-बादल्यांमागे जातो, वर शाळेची नोकरी. नवी कादंबरी पहिल्या प्रकरणावरच अडकली होती आणि खरं सांगू, मला तिचा कंटाळा आला होता.

एसटीत उन्हानं जीव नकोसा झाला. पोचले तर अध्यक्षांचं भाषण सुरू... विषय, उदगीर नवा जिल्हा झालाच पाहिजे! माझ्या पुस्तकाचं नाव अगदी शेवटी आलं, तेही चुकीचं.

मग मी त्या अर्धवट कादंबरीचं प्रकरणच वाचायला घेतलं. दुसरं नवीन काही नव्हतंच. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं, इथवर आले आणि बाहेर हॉर्न वाजला. टँकर! बघता बघता हॉल रिकामा झाला. अध्यक्षही गेले.

राग नाही आला. मीही हेच केलं असतं. पण इतकी थकले होते की वाटलं, कागद पिशवीत कोंबावेत आणि सरळ स्टँड गाठावं.

पुढच्या रांगेत एक आजी तेवढ्या बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठवत नव्हतं.

"बाई, मारलं कुणी त्या पोरीला?"

"माहीत नाही आजी. पुढचं लिहिलंच नाही. आता लिहिणारही नाही." अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं जातं...

आजी म्हणाल्या, "म्हंजे ते लेकरू तसंच पडून ऱ्हाणार तिथं? कुणी इचारणारबी न्हाई?"

कागदावर का होईना, त्या मुलीला तिथं मीच आणून टाकलं होतं. आणि आता हात झटकून निघाले होते. फार लाज वाटली.

तेव्हा कुठं खुर्च्यांकडे नीट पाहिलं. कुठं रुमाल, कुठं पिशवी, कुठं चष्म्याचं घर... एकीवर तर अध्यक्षांची टोपी! एसटीत जागा धरतात तशी सगळ्यांनी जागा धरून ठेवली होती.

"मला राखण बसवलंय," आजी म्हणाल्या. "येतेत समदे. जाऊ नका."

आणि आले की हो! ओल्या पदरांनी, धापा टाकत, आपापला रुमाल उचलून बसले. "कुठवर आलं?" एकीनं विचारलं.

माझ्या आधी आजीच बोलल्या, "बाईंनी तुमच्यासाठी थांबवून धरलंय." माझं गुपित त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पुढचं नव्हतंच, म्हणून तेच प्रकरण पुन्हा वाचलं. बाकीचं पुस्तकात, असं सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. आजींनी वाजवल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

थकवा काही गेलेला नाही. नळ कोरडाच आहे. पण आज सकाळी भांडी भरून झाल्यावर ती फाइल उघडली. मुलगी अजून तिथंच पडली होती... एक जीप जिनिंगच्या फाटकाशी आणून उभी केली.

आजी, पोलीस पोचलेत.