शेवटच्या रविवारी मशिदीच्या दारात

आमच्या आर्वीतल्या एका मशिदीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांना आत यायची मुभा असते. या, बघा, मनात येईल ते विचारा, चहा प्या! मी दारात उभा असतो. चपला कुठे काढायच्या ते सांगायचं आणि माणसं आत पाठवायची, एवढंच माझं काम. पण दारातल्या माणसाला सगळं ऐकू येतं हो! संध्याकाळी ज्याच्या चपला त्याच्या पायात परत जातात, किस्से तेवढे माझ्याकडे राहतात. परवा बँकेत एका बाईंना पासबुक देता देता मी एकटाच हसलो. त्या सरळ मॅनेजरकडे गेल्या!

तर मी वानखडे, बँकेत क्लार्क. वानखडेचं मशिदीत काय काम, असं घरीही विचारतात. रफीक सर माझा शाळेपासूनचा दोस्त. तो विज्ञान शिकवतो आणि मराठी असं शुद्ध बोलतो की मलाच लाज वाटते. त्याची रुबिना आठवीत आहे. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला विचारलं, ‘‘तुमच्या मशिदीत आत असते तरी काय?’’ तिला सांगताच येईना, कारण आमच्या गावात बायका-मुली मशिदीत जात नाहीत. तीही कधी आत गेली नव्हती. पोरगी घरी येऊन रडली. तेव्हा रफीकने ठरवलं की महिन्यातून एक दिवस दार उघडायचं, सगळ्यांना, आणि रुबिनालाही.

कमिटीचे अध्यक्ष हाजीसाहेब, जुने कापसाचे व्यापारी. त्यांनी हो म्हटलं, पण काठी आपटून अट घातली, ‘‘एक बी भांडन झालं, का त्या दिवसापासून बंद. शब्द म्हंजे शब्द.’’

काळजी करणं हा माझा जन्मजात धंदा. त्या अटीने तर शेवटचा आठवडा आला की मला जेवण जात नाही.

*

अशा पहिल्याच रविवारी बराच वेळ कोणीच आलं नाही. मग एक म्हाताऱ्या आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि उदबत्तीचा पुडा!

आजी आत गेल्या. पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा त्यांनी निरखून पाहिला. ‘‘देव्हारा तं हाय. देव कुठी हाय?’’

रफीक सुरू झाला, ‘‘आजी, इस्लाममध्ये ईश्वर निराकार मानला जातो. ही मेहराब केवळ नमाजाची दिशा दर्शवते.’’

आजींनी रुबिनाकडे पाहिलं. ‘‘काय म्हंते थो?’’

रुबिना म्हणाली, ‘‘आजी, देव हाय. पन त्याची मूर्ती नाई करत.’’

‘‘असं सांग नं मंग,’’ आजी म्हणाल्या आणि तिथेच हात जोडले. मग त्यांनी नारळ काढला. ‘‘हे कुठी फोडू?’’

मी हाजीसाहेबांकडे पाहिलं. रफीकनेही पाहिलं. हाजीसाहेबांनी नारळाकडे पाहिलं. ‘‘बाहेर पायरीवर फोडा. अन् मले खोबरं बारीक करून द्या, दात राह्यले नाई!’’

*

एकदा पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले एक साहेब आले. रफीक नळापाशी बसून वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, दाखवत होता. आधी हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. साहेबांच्या कपाळावर आठी पाहून मी उगाच दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

रफीक रंगात आला होता. ‘‘आणि पैगंबरांची शिकवण अशी, की वाहत्या नदीच्या काठी बसला असाल, तरी पाणी वाया घालवू नका.’’

साहेबांनी शेवटच्या नळाकडे बोट दाखवलं. ‘‘मग हा काऊन गळून राह्यला?’’

हाजीसाहेब जागचे उठले. आत जाऊन त्यांनी कोणाला फोन केला ठाऊक नाही, पण चहा यायच्या आत प्लंबर आला!

*

मार्केट यार्डातले एक अडते आले होते. माणूस मोठा चौकस. ‘‘सर, सारे मक्केकडं तोंड करते, हे समजलं. पन मक्केतले लोक कुठी करते?’’

‘‘तिथे काबा आहे. त्याच्या भोवती, चहूबाजूंनी. जो जिथे उभा असेल तिथून काब्याकडे.’’

‘‘अन् मक्केच्या तिकडच्या बाजूचे?’’

‘‘पलीकडच्या देशांतले लोक पूर्वेकडे तोंड करतात.’’

अडत्यांनी डोळे मिटले. हाताने हवेत एक रेघ ओढली, पश्चिमेकडून आपल्याकडे. ‘‘म्हंजे आर्वीकडं!’’

‘‘तसं म्हणायला हरकत नाही,’’ रफीक सावधपणे म्हणाला.

सोमवारी सोयाबीनचा लिलाव थोडा उशिरा सुरू झाला म्हणतात. आधी सगळ्या यार्डाला हे समजावून सांगणं चालू होतं!

*

मग तो मोबाइलवाला पोरगा आला. कॉलेजातला. कॅमेरा चालू करूनच आत शिरला. ‘‘व्हिडिओ काढतो, चालते ना?’’ माझी बीपीची गोळी सकाळीच घेऊन झाली होती, नाहीतर तेव्हाच घेतली असती.

रफीकने इतिहास सांगितला. अरब व्यापारी जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर कसे येत, सूफी फकीर गावोगाव कसे फिरत, वगैरे. पोराचं लक्ष नव्हतं. त्याला हाजीसाहेब हवे होते, पांढरी दाढी, व्हिडिओत चांगली दिसली असती. त्याने कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला.

‘‘खरं खरं सांगा, तुमचे पूर्वज कुठून आले? अरबस्तानातून का इराणातून?’’

मला वाटलं, झालं! संपलं सगळं!

हाजीसाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. ‘‘आष्टीवरून.’’

‘‘आष्टी? हे आपल्या बाजूची?’’

‘‘आजा आलता. बैलबंडीनं.’’

पोराचा मोबाइल खाली आला. ‘‘अरे, आमची मामी आष्टीची हाय!’’

मग मामी कोणाची, घर बाजाराच्या कोणत्या बाजूला, मामीच्या आजोबांनी हाजीसाहेबांच्या बापाला बैल कसा विकला होता, आणि तो बैल कसा मारका निघाला! पोराने व्हिडिओ टाकला तो फक्त बैलाचा भाग. लोकांना आवडला म्हणे.

*

बायकांकडे रफीकची बायको, नसीमभाभी बसतात. एका रविवारी आमच्या गल्लीतली अख्खी भिशी आली, त्यात मशिदीसमोरच्या घरातल्या शोभाताई. त्यांचे मिस्टर गजाननराव, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते कधी आत येत नसत. रस्त्याच्या पलीकडे हाताची घडी घालून उभे राहायचे आणि मशिदीकडे टक लावून बघायचे. माझी निम्मी झोप त्यांनीच उडवली होती.

नसीमभाभी निकाह कसा होतो ते सांगत होत्या. नवरीला आधी विचारतात, तिने कबूल म्हटल्याशिवाय निकाह नाही. ‘‘हमारे यहां तो तीन बार पूछते.’’

‘‘तीनदा?’’ शोभाताई म्हणाल्या. ‘‘मले तं एकदा बी नाई इचारलं! बापानं सांगतलं, ड्रायव्हर हाय, पक्की नोकरी हाय, झालं!’’

सगळ्या हसल्या. शोभाताई हसल्या नाहीत, त्या विचारात पडल्या. तेवढ्यात रस्त्यापलीकडून गजाननरावांची हाक आली, ‘‘शोभाऽ, चाल, घरी चाल!’’

शोभाताई दारात आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि ओरडल्या, ‘‘तीनदा इचारा!’’

*

आणि मग गेल्या पावसाळ्याआधीचा तो रविवार. पहाटेच्या अजानचा भोंगा नियमाप्रमाणे नुकताच बंद झाला होता. तक्रार कोणी केली, यावर गल्लीत कुजबूज होती, आणि सगळ्यांची बोटं रस्त्याच्या पलीकडे होती. मी तरी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नसतं.

आणि त्याच दिवशी गजाननराव रस्ता ओलांडून आले. चपला काढल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन हाजीसाहेबांच्या समोर मांडी घालून बसले. मी दार सोडून त्यांच्या मागे गेलो.

रफीक नमाजाच्या वेळा सांगत होता. वेळ घड्याळाची नसते, सूर्याची असते, म्हणून फजर, म्हणजे पहाटेची नमाज, रोज थोडी पुढे-मागे सरकते. गजाननरावांची मान खाली होती. ती वर आली ती थेट आवाजासकट.

‘‘सकाळचा भोंगा कोनं बंद केला?’’

‘‘नियम हाय,’’ हाजीसाहेब म्हणाले. ‘‘सहाच्या आधी नाई लावता येत.’’

‘‘मंग मले कोन उठवन?’’

गजाननराव हाजीसाहेबांच्या आणखी जवळ सरकले.

‘‘डेपोत पहिली गाडी माझी असे. जिंदगीत अलार्म नाई लावला! आता नळ पहाटे येते. भोंगा बंद झाला तवापासून दोन डाव पानी गेलं! घरात बोलनं मी खाऊन राह्यलो!’’

‘‘आमी का तुमचं घड्याळ हाव?’’ हाजीसाहेबांचाही आवाज चढला.

‘‘मी मांगतलं होतं का? तुमीच एवढ्या वर्षांची सवय लावली! आता अर्ध्यात सोडता!’’

‘‘आवाज खाली!’’

‘‘माझा आवाज असाच हाय!’’

हाजीसाहेबांची काठी फरशीवर आपटली. ‘‘बस! भांडन झालं. शब्द म्हंजे शब्द. रफीक, पुढच्या महिन्यापासून…’’

रफीकचा चेहरा उतरला. मेहराबीपाशी रुबिना उभी होती. दोन मैत्रिणींना काहीतरी दाखवायला तिने वर केलेला हात तसाच राहिला. इतके महिने मी ज्याला घाबरत होतो, तेच माझ्यासमोर होत होतं आणि मी नुसता उभा होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने शोभाताई उठल्या. ‘‘हाजीसाहेब, भांडन कुठी झालं? हे तं यांचं नेहमीचं बोलनं हाय! भांडले का हे आठ-आठ दिवस बोलतच नाई!’’

हाजीसाहेबांनी गजाननरावांकडे पाहिलं.

‘‘हो ना!’’ गजाननराव ओरडले.

हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ‘‘चाय आना भाऊ,’’ एवढंच म्हणाले.

पुढचं मला शोभाताईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, नमाजाला जाताना, हाजीसाहेबांची काठी त्यांच्या फाटकावर वाजली, आणि त्यानंतर रोज वाजते. दोन-तीन महिने हे सुरळीत चाललं. मग एके दिवशी गजाननराव आधीच उठून, बादली घेऊन, फाटकात उभे!

‘‘हाजीसाहेब, आज लेट झाले तुमी!’’

‘‘मी नाई, दिवस लेट उगून राह्यला! रफीकनं सांगतलं तवा तुमचं ध्यान कुठी होतं?’’